डार्सी राहिला, हिशोब गेला

इंग्लंडच्या दहा पौंडांच्या नोटेवर कादंबरीकार जेन ऑस्टेन आहे. २०१७ ला ही नोट आली, बाईंना जाऊन तेव्हा बरोब्बर दोनशे वर्षं झाली होती. नोटेवर तिच्या पुस्तकातलं एक वाक्य छापलंय, की काही म्हणा, वाचनासारखा आनंद दुसऱ्या कशात नाही. लायब्ररीच्या भिंतीवर लावायला झकास. फक्त 'प्राइड अँड प्रेज्युडिस'मध्ये हे वाक्य म्हणते कोण, तर कॅरोलाइन बिंगली, जिला वाचनाचं काडीचंही सोयरसुतक नाही. कादंबरीचा श्रीमंत हिरो डार्सी पुस्तक घेऊन बसलाय म्हणून हिनेही त्याच पुस्तकाचा दुसरा खंड उचललाय, कारण पहिला त्याच्या हातात आहे, आणि सगळं लक्ष तो कुठल्या पानावर आहे त्याच्याकडे. शेवटी कंटाळून एक मोठी जांभई देते आणि मग हे वाक्य फेकते. कुणी हूं का चूं करत नाही, मग पुन्हा जांभई देते आणि पुस्तक बाजूला टाकते. देशाच्या मध्यवर्ती बँकेने ऑस्टेनच्या नावाने छापलं ते एका ढोंगी बाईचं वाक्य. नोटेवरचा चेहरा पण तसाच, सख्ख्या बहिणीने काढलेल्या साध्या, जराशा रागीट स्केचवरून पुढे भाच्याने आत्याचं चरित्र छापताना गोडगोड करून घेतलेला.

ऑस्टेनचं गेल्या तीसेक वर्षांत जे काही झालंय ते मला या नोटेत दिसतं. चाहते अफाट आहेत, सिनेमे, सिरियली, सिक्वल, रिटेलिंग, बाथ शहरात दर वर्षी रीजन्सी, म्हणजे ऑस्टेनच्या काळाचे ड्रेस घालून फिरणारी माणसं, सगळं जोरात चालू आहे, आणि त्यावर कायम एकच भांडण. एक पार्टी म्हणते की या लोकांनी क्लासिकचं वाटोळं केलं, मूळ पुस्तकाला हात लावायचा यांना अधिकार काय. दुसरी म्हणते की अहो एंजॉय करा की, कशाला एवढं मनाला लावून घेता. मला दोन्ही पटत नाही. हात जरूर लावा, पाहिजे तेवढा लावा, पण ऑस्टेनमधून पैसा काढून टाकलात तर खाली उरतं ते कुणीही लिहू शकतं. आणि आजच्या ऑस्टेन-इंडस्ट्रीने सगळ्यात आधी काय काढून टाकलं असेल तर तो पैसाच.

आधी त्या हात लावू नका पार्टीचं बघू, कारण त्यांचं प्रकरण लवकर निकालात निघतं. या बाईने लहानपणी काय केलं? दुसऱ्यांच्या पुस्तकांची टिंगल. पंधरा वर्षांची असताना इंग्लंडच्या इतिहासाची चेष्टा करणारी एक वही लिहिली, राजाराण्यांची चित्रं बहिणीकडून काढून घेतली. 'नॉर्थँगर अ‍ॅबी' ही अख्खी कादंबरीच एका फॅन मुलीची गोष्ट आहे, जिने भुताखेतांच्या कादंबऱ्या इतक्या वाचल्यात की दुसऱ्याच्या घरातलं जुनं कपाट दिसलं तरी तिला त्यात रहस्य दिसतं. आणि स्वतःच्या पात्रांच्या बाबतीत तर बाई पुढेच होत्या. १८१३ च्या मे महिन्यात लंडनला एका चित्रप्रदर्शनाला गेल्या, आणि तिथे काय शोधत होत्या तर 'प्राइड अँड प्रेज्युडिस'मधल्या जेन आणि एलिझाबेथ या बेनेट बहिणी लग्नानंतर कशा दिसत असतील ते. मिसेस बिंगली, म्हणजे जेन, सापडली, पांढरा गाऊन, हिरवे दागिने, अगदी हुबेहूब असं बहिणीला पत्रात कळवलंय, पण मिसेस डार्सी, म्हणजे एलिझाबेथ, काही सापडली नाही. घरातल्या पोरांनी विचारलं की बाई पुढचंही सांगायच्या, बेनेट बहिणींतल्या किटीचं पेंबर्लीजवळच्या, म्हणजे डार्सीच्या इस्टेटीजवळच्या एका पाद्र्याशी लग्न झालं, मेरीला मात्र मावशीच्या नवऱ्याच्या ऑफिसातल्या कारकुनावर भागवावं लागलं. याला आजच्या भाषेत काय म्हणतात? फॅन फिक्शनच की, आणि तेही लेखिकेने स्वतः केलेलं.

घरातूनच हे पुढे गेलं. तिची अर्धवट राहिलेली एक कादंबरी भाचीने पूर्ण करून १८५० ला छापली. १९१३ ला सिबिल ब्रिंटन नावाच्या बाईंनी सहाही कादंबऱ्यांमधली माणसं एकाच गोष्टीत आणून त्यांची आपसात लग्नं लावून दिली, म्हणजे ज्याला आता क्रॉसओव्हर म्हणतात ते शंभर वर्षांहून जुनं आहे. २००९ ला एकाने 'प्राइड अँड प्रेज्युडिस'चा मूळ मजकूर बराचसा तसाच ठेवून मधेमधे झोंबी घुसवले आणि बेनेट बहिणींच्या हातात तलवारी दिल्या, तेव्हाही लोक म्हणाले की संपलं सगळं. काय संपलं? मूळ पुस्तक जिथे होतं तिथेच आहे. ज्यांनी कर्णाला नाही तर द्रौपदीला मध्यभागी ठेवून लिहिलेल्या कादंबऱ्या पानाच्या पानं पाठ केल्यात त्या मराठी वाचकांना तर हे समजावून सांगायचीही गरज नाही.

अजून एक, ही फॅनगिरी म्हणजे बायकांचा टाइमपास असं जे नाक मुरडून म्हटलं जातं ना, ते पण अलीकडचं. मुंबईत जन्मलेल्या किपलिंगने १९२४ ला एक कथा लिहिली, पहिल्या महायुद्धातल्या तोफखान्यातल्या सैनिकांची. हे ऑस्टेनचे भक्त, त्यांची गुप्त मंडळीच आहे म्हणा ना, आणि त्यांनी तोफांना नावं दिलीयत, एक रेव्हरंड कॉलिन्स, एक जनरल टिल्नी, एक लेडी कॅथरिन. ऑस्टेनच्या पुस्तकांत सगळ्यात जास्त बडबड करणारी माणसं तोफा झालीयत, यापेक्षा नेमकं वाचन मी तरी कुठल्या समीक्षकाचं बघितलेलं नाही. तेव्हा पुरुष करत होते तर ती रसिकता, बायका करायला लागल्या की ते वेड, असं कसं चालेल.

आता माझी तक्रार. १९९५. त्या वर्षी 'प्राइड अँड प्रेज्युडिस'वर बीबीसीची सिरियल आली, डार्सी झालेला कॉलिन फर्थ तळ्यात सूर मारून ओल्या शर्टात बाहेर आला आणि तो सीन पुस्तकात नसूनही जगातला सगळ्यात फेमस ऑस्टेन-सीन होऊन बसला. पुस्तकात काय आहे? एलिझाबेथ मामामामींबरोबर डार्सीचं घर बघायला गेलीय, मालक घरी नाही अशी खात्री करून घेतलीय, आणि तो अचानक वीसेक यार्डांवर समोर, दोघंही लाजून लालेलाल. तळं-बिळं काही नाही. पण त्याआधीची पानं घर, बाग, झाडं, खोल्या, फर्निचर यांनी भरलीयत, आणि ती बघता बघता तिच्या मनात येतं की या घराची मालकीण होणं म्हणजे काहीतरी असणार. पुढे जेन विचारते, तुला तो कधीपासून आवडायला लागला गं, तर ही म्हणते बहुतेक पेंबर्लीची ती सुंदर जमीन पहिल्यांदा पाहिली तेव्हापासून. चेष्टेत म्हणते हो. पण ऑस्टेनच्या चेष्टेत नेहमी थोडं खरं असतं, आणि ते थोडं खरं त्या शर्टाने धुऊन टाकलं. २०१३ ला तर लंडनच्या सर्पेंटाइन तळ्यात त्या ओल्या डार्सीचा बारा फुटी पुतळाही तरंगत उभा केला होता. ज्या माणसाची पुस्तकातली पहिली ओळख वर्षाला दहा हजार पौंड ही आहे, ती सुद्धा तो हॉलमध्ये शिरून पाच मिनिटं होत नाहीत तोवर सगळीकडे पसरते, त्या माणसाचा आता फक्त शर्ट उरला.

ऑस्टेन वाचताना वहीत आकडे लिहून बघा एकदा, सगळं वेगळंच दिसायला लागतं. एलिझाबेथला आई गेल्यावर मिळणार किती, तर हजार पौंड, चार टक्क्यांनी, म्हणजे वर्षाला चाळीस. हे तिला कोण ऐकवतं तर कॉलिन्स, बापाचा लांबचा नातलग आणि इस्टेटीचा वारस, तेही मागणी घालताना, आणि वर म्हणतो की लग्नानंतर मी याबद्दल अवाक्षर काढणार नाही. माणूस मूर्ख आहे, पण गणित बरोबर आहे त्याचं. बाप मेला की घर त्याच्याकडेच जाणार, या पाच मुली आणि आई रस्त्यावर. मिसेस बेनेटला सगळे सिनेमे किंचाळणारी विनोदी बाई करतात, पण अख्ख्या घरात ही एकच व्यक्ती आहे जिला परिस्थिती कळलीय. नवरा पुस्तकात तोंड खुपसून बसलाय आणि टोमणे मारतोय.

आणि 'सेन्स अँड सेन्सिबिलिटी'चं दुसरं प्रकरण. मला विचाराल तर जगातल्या कुठल्याही घरगुती वाटणीवर इतकं निर्दय कुणी लिहिलेलं नाही. बाप मरताना मुलाकडून वचन घेतो की सावत्र आई आणि तीन बहिणींना बघशील. मुलगा जॉन तसा वाईट नाही, तो ठरवतो तीन हजार पौंड देऊ, एकेकीला हजार. मग बायको फॅनी बोलायला लागते. आपल्या एकुलत्या एक पोराच्या तोंडचा घास काढणार का? बरं मग निम्मे करू, पाचशे पाचशे. त्यांना काय करायचेत एवढे? मग त्यापेक्षा आईला वर्षाला शंभर देऊ, ती असेपर्यंत. फॅनी म्हणते पंधरा वर्षं जगली तर फसलोच आपण, आणि अशी वर्षासनं लावली ना की माणसं मरतच नाहीत. मग नको, अधूनमधून पन्नास पौंडांची भेट देऊ. शेवटी ठरतं काय, तर घर बदलताना सामान हलवायला मदत करायची आणि सीझनला मासे, शिकारीचं मांस वगैरे पाठवायचं. वर फॅनीला दुःख हे की सासूबाईंनी नाश्त्याचा चिनी मातीचा सेट नेला, तो आपल्या सेटपेक्षा दुप्पट सुंदर आहे. एका बैठकीत तीन हजार पौंडांवरून माशांवर, आणि कुणीही आवाज चढवलेला नाही, दोघंही शेवटपर्यंत स्वतःला सज्जनच समजतायत. ज्याच्या घरात कधी वाटणी झालीय त्याला हे समजायला तळटीप लागत नाही.

हे बाईंना कुठून कळलं? स्वतः त्यातच होत्या. वडील १८०५ ला गेले, त्यानंतर आई आणि दोघी बहिणी भावांच्या वर्गणीवर, चार वर्षं इकडेतिकडे, मग श्रीमंत घरात दत्तक गेलेल्या एडवर्डने चॉटनमधलं घर दिलं. त्याआधी १८०२ ला हॅरिस बिग-विदर नावाचं एक चांगलं खातंपितं स्थळ आलं होतं, संध्याकाळी हो म्हणाल्या आणि सकाळी उठून नाही. 'प्राइड अँड प्रेज्युडिस'चे हक्क एकशेदहा पौंडांना विकले, एकरकमी, पुढे कितीही खपलं तरी दमडी नाही. दीडशे हवे होते त्यांना, तसं पत्रात लिहिलंय.

आता एवढं सगळं डोक्यात ठेवून डार्सीवरचं फॅन फिक्शन वाचा. खूप आहे, आणि त्यातलं काही फार सफाईने लिहिलेलं आहे हे मान्य. 'असं झालं असतं तर' हा त्याचा पाया, एलिझाबेथने नाही म्हटल्यावर डार्सी लिहितो ते पत्र तिला मिळालंच नसतं तर, दोघांना बदनामीच्या भीतीने आधीच लग्न करावं लागलं असतं तर, इथपर्यंत ठीक. पण त्यातला एक लाडका प्रकार असा की एलिझाबेथ खरं तर गुपचूप मोठ्या इस्टेटीची वारस निघते. लेखिकेला वाटतं आपण हिरॉइनवर उपकार केले. अहो पण मग गोष्टच कुठे राहिली? वर्षाला चाळीस पौंड मिळणार असलेली मुलगी दहा हजारवाल्याला तोंडावर नाही म्हणते यात सगळा दम आहे. तिला बँक बॅलन्स देऊन टाकलात की तिचं नाही म्हणणं म्हणजे नुसता नखरा.

आणि हे जमतं लोकांना, जमत नाही असं नाही. २०१२ ला यूट्यूबवर 'द लिझी बेनेट डायरीज' आली, शंभर छोटे छोटे एपिसोड, बहुतेक वेळ एक मुलगी खोलीत कॅमेऱ्यासमोर बसून बोलतेय. तिथे कॉलिन्स लग्नाची मागणी घालतच नाही, तो नोकरीची ऑफर देतो. डोक्यावर शिक्षणाचं कर्ज असताना लिझी नाही म्हणते आणि तिची मैत्रीण शार्लट ती घेते. काय अचूक पकडलंय! दोनशे वर्षांपूर्वी बाईला पोट भरायचा जो रस्ता लग्नातून जायचा तो आता नोकरीतून जातो, आणि शार्लटचा निर्णय बघून आपल्याला राग येत नाही, पोटात कसंतरी होतं. मूळ शार्लटही तशीच, सत्तावीस वर्षांची, स्पष्ट सांगते की मी काही रोमँटिक नाही, मला फक्त एक सुखाचं घर हवं. कॉलिन्सशी लग्न झाल्यावर स्वतःला बसायला ती मागच्या बाजूची खोली निवडते, पुढची चांगली असूनही, का तर तिथे नवरा सारखा सारखा येऊन बसणार नाही. एका खोलीच्या निवडीत अख्खं लग्न सांगून टाकलंय.

जो बेकरची 'लाँगबॉर्न' २०१३ ची. तीच बेनेट मंडळी, पण स्वयंपाकघरातून. एलिझाबेथ तीन मैल चिखलातून चालत आजारी बहिणीकडे जाते ते आपल्याला किती आवडतं, स्वतंत्र मुलगी वगैरे, आणि इथे ते चिखलाने माखलेले पेटीकोट घासणारी मोलकरीण म्हणते की स्वतः धुवावे लागले असते तर जपून चालली असती. हात फुटलेत तिचे साबणाने आणि थंडीने. हे पुस्तक वाचल्यावर मूळ पुस्तक आवडेनासं होत नाही, उलट परत वाचावंसं वाटतं, आणि रिटेलिंगची माझ्यापुरती कसोटी एवढीच आहे. पी. डी. जेम्ससारख्या मोठ्या लेखिकेने पेंबर्लीत खून पाडला तरी मला ती कसोटी पार झालीय असं वाटलं नाही, सगळे फार नीट वागतात त्यात.

आपल्या बाजूला वळलं तर एक गैरसमज दिसतो, की स्थळं बघणं, आई, मावश्या, पत्रिका हे सगळं इथे आयतंच आहे म्हणजे ऑस्टेन आपोआप जमणार. नाही जमत. दूरदर्शनने १९८५ लाच 'प्राइड अँड प्रेज्युडिस'वरून 'तृष्णा' केली होती, ती आता किती जणांना आठवते कोण जाणे. २००४ च्या 'ब्राइड अँड प्रेज्युडिस' सिनेमात अमृतसरमध्ये बेनेटांचे बक्षी झाले, गाणी मस्त, पण पैशाची टोचणी गाण्यांत विरघळून गेली. २०१० च्या 'आयशा'त तर 'एमा'चं शॉपिंगच झालं. त्याउलट 'सेन्स अँड सेन्सिबिलिटी'वरचा २००० चा राजीव मेननचा तमिळ सिनेमा 'कंडुकोंडेन कंडुकोंडेन', तब्बू आणि ऐश्वर्याचा, त्यात मृत्युपत्रामुळे बायकांचं घर जातं आणि त्या चेन्नईत येऊन आधी नोकरी शोधतात. प्रेम आहेच, पण घरभाडं आधी. मुंबईत वाढलेल्या सोनाली देव यांनी २०१९ च्या कादंबरीत कॅलिफोर्नियातलं राजे नावाचं राजघराण्यातलं कुटुंब घेतलं आणि बाजूच उलटवली, डार्सीचा माज न्यूरोसर्जन त्रिशा राजेला दिला, आणि ज्याच्याकडे पैसा नाही तो तिच्यासमोरचा शेफ. पैसा कुणाकडे आहे हे बदललं की मिजास कुणाची हेही बदलतं, हे त्यांना बरोबर कळलंय.

पण पैसा ठेवायचा म्हटलं की तो आला कुठून हे पण विचारावं लागतं, आणि इथे चाहत्यांतले बरेच जण एकदम चिडतात. २०२१ ला चॉटनच्या म्युझियमने म्हटलं की ऑस्टेनच्या घरातला चहा, साखर, कापूस कुठून यायचा तेही आम्ही सांगू, तर इंग्लंडच्या पेपरांतून केवढा गहजब, बिचारीच्या चहाच्या कपालाही सोडत नाही म्हणे. अरे पण बाईंनी स्वतः कुठे सोडलंय? 'मॅन्सफील्ड पार्क'चे सर थॉमस अँटिग्वाला जातात ते हवापालटाला नाही, तिथल्या इस्टेटीसाठी. या पुस्तकाची हिरॉइन फॅनी (आधीची नव्हे, ही वेगळी) त्यांना गुलामांच्या व्यापाराबद्दल प्रश्न विचारते आणि खोलीत चिडीचूप होतं सगळं. 'सेन्स अँड सेन्सिबिलिटी'तला कर्नल ब्रँडन आपल्याकडून, म्हणजे ईस्ट इंडीजमधून नोकरी करून परत गेलाय, विलबी त्याची मोहरा आणि पालख्यांवरून टिंगल करतो. ऑस्टेनची सख्खी आत्या फिलाडेल्फिया १७५२ ला जहाजात बसून हिंदुस्थानात आली होती, नवरा शोधायला, आणि सहा महिने जहाजात काढून आलेल्या मुलीला परत जायची सोय नसते. तिची मुलगी एलिझा कलकत्त्यात जन्मली, तिच्या नावावर वॉरन हेस्टिंग्जने दहा हजार पौंड ठेवले. तेच दहा हजार, फक्त डार्सीला ते दर वर्षी मिळतात. सोळासतरा वर्षांची असताना जेनने एका अर्धवट गोष्टीत बंगालला लग्नासाठी पाठवलेली एक मुलगी घातलीय, जिचं थाटात लग्न झालं आणि जी सुखी नाही. हे लिहायला कुणाची परवानगी लागत नाही, हक्क कधीच संपलेत. ब्रँडन इथे असताना काय करत होता हे मराठीत कुणीतरी लिहायला हवं, आपल्याकडे त्या काळाची कागदपत्रंही कमी नाहीत. तिची शेवटची दोन पुस्तकं छापून आली १८१७ च्या डिसेंबरात, खडकीची लढाई होऊन गेलेली आणि कोरेगावची व्हायची होती.

चाहत्यांची ताकद काय असते ते 'सँडिटन'ने दाखवलं. ती कादंबरी बाईंनी १८१७ च्या मार्चमध्ये आजारपणामुळे अर्धवट सोडली, जेमतेम बारा प्रकरणं. २०१९ ला तिची सिरियल आली, बंद पडली, मग जगभरातल्या चाहत्यांनी मोहीम चालवली आणि अजून दोन सीझन मिळवले. कशासाठी भांडले, तर बहुतेक करून हिरो-हिरॉइनचं जुळलं नव्हतं म्हणून. ठीक आहे, पण त्या बारा प्रकरणांत मिस लँब नावाची एक मुलगी आहे, वेस्ट इंडीजची, गोऱ्या-काळ्या संकरातली, सतरा वर्षांची, नाजूक तब्येतीची आणि गावात आलेल्या सगळ्यांत श्रीमंत. ऑस्टेनने तिच्या तोंडी एक वाक्यही घालायच्या आत लेखणी थांबली. सिरियलवाल्यांनी तिला बोलतं केलं हे चांगलंच झालं, तरी तिच्यात अजून कितीतरी कादंबऱ्या शिल्लक आहेत, आणि लिहिणाऱ्याने सुरुवात कुठून करावी हे बाईंनी दाखवून ठेवलंय. गावची श्रीमंत म्हातारी लेडी डेनम, तिला ही मुलगी दोन कामांसाठी हवीय, एक म्हणजे कंगाल झालेल्या पुतण्याशी लग्न लावून द्यायला, आणि दुसरं म्हणजे घरी पाळलेल्या गाढविणींचं दूध विकायला, श्रीमंत आणि आजारी असं गिऱ्हाईक ती कधीची शोधतच होती. दुधाचा सौदा तर हस्तलिखितातच फिसकटतो, मुलीची सांभाळकर्ती बाई सांगते की हिला डॉक्टरचं औषध चालू आहे, दुसरं काही द्यायचं नाही. पुतण्याचं काय झालं ते मात्र लिहायचं राहून गेलं.